पाचशे एकतीस

डबीत पाचशे गोळ्या. कंपनी म्हणते, सगळ्या सारख्या.
कंपनीचं ऐकायला मी काय तिचा जावई आहे?
आमचं आडनाव पोतदार.
पणजोबा रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐकायचे.
मी चाळीस वर्षं झवेरी बाजारात
दुसऱ्यांचे काटे दुरुस्त करतोय.

गोळी म्हणजे शिशाचा इवलासा डमरू,
डोकं चपटं, कंबर बारीक, मागे घागऱ्याचा घेर.
जुन्या हिशेबात साडेचार गुंजांना जरा कमी,
नव्यात पाचशे तीस मिलिग्रॅमच्या आसपास.
आणि ‘आसपास’ या शब्दावर
हेमांगीचा विश्वास नाही.
दहा मीटरवर तिचा ठिपका अर्धा मिलिमीटर.
मोहरी ठेवली तर झाकून जाईल.

रात्री भांडी घासून झाली की पंखा बंद.
ऑक्टोबरातही बंद.
काचेच्या पेटीत काटा, मी बनियनवर,
चिमट्याने एकेक डमरू उचलायचा,
घागऱ्याला धक्का लागता कामा नये,
श्वास खांद्यावरून मागे सोडायचा.
बायकोने बजावलंय, शिसं ओट्यावर आणायचं नाही,
म्हणून शिवणयंत्राच्या फळीवर माझं दुकान.
उठताना हात साबणाने दोनदा.

त्या वर्षी गिरगावाखाली भुयार खणत होते.
रिकाम्या पारड्यात
दोन मिलिग्रॅमचं कुणीतरी येऊन बसायचं, उठायचं.
मी हात मांडीवर ठेवून वाट बघायचो.
दीड वाजता, कधी पावणेदोनला
खालचा खडक गप्प झाला
की पुन्हा शून्यापासून.

एकोणतीसची डबी, तीसची, एकतीसची.
बाकी सगळी बिस्किटांच्या डब्यात, वर लिहिलं: नापास.
वाकलेली, कडेला चिरलेली, उगाच जड,
ती सरावाला.
डिमेलो मॅडमनी शिकंज्यात बंदूक आवळून
प्रत्येक डबीतल्या पाच-पाच झाडल्या होत्या.
एकतीसच्या पाचही एकाच वाटेने गेल्या,
कागदाला भोक टोचलेल्या कानाएवढं.
मॅडम म्हणाल्या, हिला हीच मानवते.
मी तो कागद पाकिटात ठेवला,
लायसन्सच्या मागे.

मार्चमधला सामना, वरळीला.
मी मागच्या बाकावर, कुणाशी न बोलता.
दहा पूर्णांक चार. दहा पूर्णांक सात.
एकदा नऊ पूर्णांक आठ, तेव्हा मी बूट बघत बसलो.
तिसरी आली.
डिमेलो मॅडमनी माझ्याच हातात पेढा ठेवला.

घरी येऊन तिची बॅग मी उघडली, नेहमीसारखी.
एकतीसची डबी गच्च. चिकटपट्टीसकट.
नापासचा डबा हलका.

पट्टीवरून मी नख फिरवलं.
ती दारात उभी होती, केस ओले, टॉवेल खांद्यावर.
मी पाहिलं, तिने पाहिलं,
बायको आतून म्हणाली, कोकम सरबत घेणार का कोणी?

घाईत चुकून उचलला असेल.
किंवा चुकून नसेल.
गिऱ्हाइकाला मी सांगतो,
शेट, काटा काय करणार, ठेवणाऱ्याचा हात बघा.
गिऱ्हाईक मान हलवतं, पैसे देतं.
मला स्वतःला ते कधी नीट पटलेलं नाही.

तीन रात्री काटा झाकलेलाच होता.
शिवणयंत्रावर बायकोने पडदे शिवून घेतले.

चौथ्या रात्री मीच पंखा बंद केला.
नवी डबी, कंपनीची, सगळ्या सारख्या.
पहिला डमरू पारड्यात ठेवला
तर समोर स्टूल सरकल्याचा आवाज.
मांडीवर माझी वही,
पेनाचं टोपण तिच्या दातात.

मी काही बोललो नाही.
तीही नाही.
भुयार कधीच खणून झालंय,
तरी आम्ही दोघंही थोडा वेळ थांबलो,
काटा स्थिर होईपर्यंत.

काय लिहू, म्हणाली.

पाचशे एकतीस, लिही.